खाऱ्या वाऱ्यातलं चिलखत

मुंबई बंदराच्या राखणीसाठी इंग्रजांनी १८७० साली विलायतेत दोन चिलखती जहाजं बांधून घेतली. एक 'मॅग्डाला', दुसरं 'ॲबिसिनिया'. दोनच वर्षांपूर्वी नेपियरसाहेबाने मुंबईहून फौज नेऊन ॲबिसिनियातला मॅग्डालाचा किल्ला सर केला होता, त्या पराक्रमाची ही नावं. अंगावर सहा-आठ इंच जाडीचं लोखंड, वर दोन फिरते बुरूज, दर बुरुजात दहा इंची तोफांची जोडी. डेक मात्र पाण्याच्या अगदी लगत, त्यामुळे लांबच्या सफरी नशिबी नव्हत्या. एकदा इंग्लंडहून मुंबई गाठली, तेवढीच काय ती मुशाफिरी.

मग तीसएक वर्षं दोघांनी पहारा केला. रशिया चाल करून येणार, अशी आवई अधूनमधून उठायची. तोफा पुसल्या जायच्या, सराव व्हायचा आणि रशिया काही यायचा नाही. बंदराच्या आमच्या अंगाला उरण, करंजा, रेवस, मांडवा. इथले मचवे मासळी आणि भाजीपाला घेऊन त्या लोखंडी धुडांच्या बाजूने निमूट ये-जा करत राहिले असणार. विसावं शतक उजाडलं आणि थोड्याच वर्षांत दोन्ही जहाजं भंगारात निघाली. एवढ्या जाड कातडीचा खरा फायदा झाला तो भंगारवाल्याला, वजनात.

या जहाजांची जातच तेव्हा नवी होती. फ्रेंचांनी १८५९ साली 'ग्लॉयर' पाण्यात लोटलं, लगेच पुढच्या वर्षी इंग्रजांनी 'वॉरियर'. त्यानंतर अमेरिकेच्या यादवी युद्धात ९ मार्च १८६२ रोजी 'मॉनिटर' आणि 'व्हर्जिनिया' ही दोन चिलखती जहाजं समोरासमोर आली आणि तासन् तास एकमेकांवर गोळे फेकत राहिली. कुणीच बुडालं नाही. जगाने तोंडात बोट घातलं. लाकडी आरमाराचे दिवस भरले, हे त्या दिवशी सगळ्यांना कळून चुकलं. या जहाजांना इंग्रजीत म्हणत 'आयर्नक्लॅड'. तो शब्द मग बंदरातून उठून थेट वकिलाच्या कचेरीत जाऊन बसला. ज्यात फट सापडत नाही तो आयर्नक्लॅड करार, जी मोडत नाही ती आयर्नक्लॅड हमी.

आता त्या दोन जहाजांचं पुढे काय झालं, तेही ऐका. 'व्हर्जिनिया' शत्रूच्या हाती पडू नये म्हणून दोन महिन्यांतच त्याच्याच खलाशांनी उडवून दिलं. 'मॉनिटर' वर्षाच्या शेवटच्या दिवशी वादळात बुडालं. ज्यांच्यामुळे अभेद्यपणाला एवढी कीर्ती लाभली, त्या दोघांनाही पुढच्या वर्षाचं कॅलेंडर लावायची वेळ आली नाही.

आमच्या किनाऱ्यावर 'आयर्नक्लॅड' हा शब्द जन्मलाच नसता. 'अलिबागसे आया क्या?' म्हणून ज्या गावाच्या नावाने जग भोळेपणाचं माप काढतं, ते गाव लोखंडाच्या बाबतीत मुळीच भोळं नाही. इथे रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुणालाही विचारा, लोखंडाची किंमत त्याला ठाऊक असते. किलोची नव्हे, वर्षांची.

आमच्या आळीत कुणीतरी बंगल्याला नवं फाटक बसवतो. वेल्डर छातीवर हात ठेवून सांगतो, "काका, आतून-बाहेरून भरीव काम आहे. पन्नास वर्षं बघायला नको." शेजारचे आजोबा सुपारी कातरता कातरता एवढंच म्हणतात, "असू दे, असू दे. एक पावसाळा जाऊ दे." पहिला पावसाळा जातो. बिजागरीपाशी नखाएवढा तांबूस डाग दिसतो. दसऱ्यापर्यंत रंग तिथे फुगतो, पापुद्र्यासारखा उचलला जातो आणि बोट लावलं की खाली तपकिरी भुगा. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फाटक उघडताना असं कण्हतं की पाहुणा आल्याचं सांगायला बेल लागत नाही. तिसऱ्या वर्षी तोच वेल्डर येतो, फाटकाकडे बघतो आणि अत्यंत निर्विकारपणे म्हणतो, "काका, खारी हवा ना!" जणू त्याने फाटक लोणावळ्यात बसवलं होतं.

यात वेल्डरचा दोष नाही. हवेत मीठ, मीठ ओल धरून ठेवतं आणि ओल असली की गंज चढतो. हे रसायनशास्त्र आठवीच्या पुस्तकात आहे. पण पुस्तकात असलेलं शास्त्र आणि हमी देणारा माणूस यांची गाठ सहसा पडत नाही.

जुन्या लोकांची पडली होती. ओहोटीच्या वेळी अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जावं आणि तट जवळून बघावा. शिवाजी महाराजांनी १६८० साली कामाला हात घातला, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. मोठमोठे दगड एकावर एक नुसते रचलेत, मध्ये चुना नाही. दोन दगडांमधल्या सांदीत बोटं सहज शिरतात. भरतीची लाट येऊन आदळते, पाणी त्या सांदींतून आत शिरतं, तिथेच त्याचा जोर मरतो आणि ते मुकाट्याने परत फिरतं. अडवलेलं पाणी सूड उगवतं, वाट दिलेलं पाणी सलाम करून जातं, हा हिशेब त्या गवंड्यांना पक्का ठाऊक होता. इंग्रज वकिलाने हा तट पाहिला असता तर कपाळाला हात लावला असता. करारात एक फट राहिली तर त्याची झोप उडते. इथे तर फटींवरच तीनशे वर्षं निघाली. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून, मोठी लढाऊ जहाजं घेऊन याच कुलाब्यावर आले होते. आले तसे परत गेले. आज किल्ल्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेल्या दोन तोफा गाड्यांवर उभ्या आहेत. शाळेच्या सहलीतली पोरं त्यांच्यावर बसून फोटो काढतात. विलायती लोखंडाची याहून गोड सेवा दुसरी कुठली?

आंग्र्यांच्या गलबतांनाही चिलखत नव्हतंच. गुराब आणि गलबत ही उथळ पाण्यात चालणारी, वारा पडला की वल्ह्यांवर निघणारी चपळ जात. त्याआधी १६७९ साली खांदेरीला इंग्रजांनी वेढा घातला, तेव्हाही शिवाजी महाराजांच्या छोट्या होड्या रात्री त्यांच्या मोठ्या जहाजांच्या नाकाखालून रसद घेऊन बेटावर जात होत्या. इंग्रज चरफडले आणि अखेर वेढा उठवून गेले. पुढे १७२० मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर त्यांनी 'फ्राम' नावाचा जाड भिंतींचा तरंगता किल्लाच नेला. गोळे लागून फुटू नये, हा त्यामागचा हेतू. तो कितपत सफळ झाला कोण जाणे, पण विजयदुर्गाने काही दाद दिली नाही. आपण फुटू नये याची एवढी काळजी घेतली की समोरचं फोडायचं राहून गेलं.

कुणी म्हणेल, मग जंजिऱ्याचं काय? बरोबर आहे. मुरूडचा जंजिरा शिवाजी महाराजांना मिळाला नाही, संभाजी महाराजांना मिळाला नाही. अभेद्य म्हणावं ते यालाच. कलालबांगडी तोफ अजून बुरुजावर पहुडलेली आहे आणि भर उन्हातही ती तापत नाही, हे तिथला प्रत्येक वाटाड्या आपल्याला हात लावायला सांगून पटवतो. पण हा बिनतोड किल्लाही शेवटी १९४८ साली गेला, तो दौतीतल्या शाईने. संस्थान विलीन झालं. समुद्राकडून येणाऱ्या प्रत्येक शत्रूचा विचार जंजिऱ्याने केला होता, सहीचा नव्हता.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लोखंडावर अन्याय होईल. इंग्रजांचं 'वॉरियर' आजही पोर्ट्समथला उभं आहे. लढाईत त्याने एकही गोळा झाडला नाही. मधली पन्नासेक वर्षं तेलाच्या जहाजांना टेकायला धक्का म्हणून काढली आणि मग लोकांनी त्याला वर्षानुवर्षं खरवडून, रंगवून पुन्हा उभं केलं. त्याच देशात हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' हे जहाज पाण्यात आहे. ते अख्खं सागवानी, मुंबईत वाडियांच्या हाताखाली बांधून १८१७ साली समुद्रात सोडलेलं. एक लोखंडाचं, एक लाकडाचं, दोन्ही टिकली. दोघांमध्ये समान गोष्ट एकच, दोघांनाही हात लावणारी माणसं मिळाली. ती मिळाली नाहीत तर काय होतं, हे आपण जुन्या 'विक्रांत'च्या बाबतीत बघितलं. युद्ध गाजवलेली ती नौका २०१४ मध्ये मोडीत निघाली आणि तिचं पोलाद बजाजच्या मोटारसायकलीत गेलं. कदाचित त्यातलीच एखादी शनिवारी कार्ल्याच्या खिंडीत आपल्याला हॉर्न देऊन पुढे जात असेल.

कोळीवाड्यात ही अक्कल घोकावी लागत नाही. पावसाळा तोंडावर आला की होड्या वर ओढून शाकारतात. नारळी पौर्णिमेच्या आधी त्या उघडतात, फळ्या ठोकून बघतात, फटींत कापूस ठासतात, तेल देतात, रंग मारतात. 'ही होडी कधीच गळणार नाही,' असं कुठला कोळी म्हणताना मी ऐकलेलं नाही. गळणारच, हे धरून चाललेलं असतं. म्हणूनच ती पुढच्या मोसमात समुद्रात असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा 'काही होत नाही' म्हणून बसवलेले पत्रे गावच्या गाव पार करून गेले. माडा-पोफळींचीही दैना झाली, पण लोकांनी नवी रोपं लावली. पत्र्याच्या हमीचा कागद कुणी शोधत बसलं नाही.

तेव्हा शहरातून कुणी मित्र नव्या घराचा, नव्या धंद्याचा किंवा नव्या सोयरिकीचा आयर्नक्लॅड करार घेऊन आला, तर मी कलमं वाचत नाही. ते वकिलाचं काम. किनाऱ्यावरचा माणूस एकच प्रश्न विचारतो, आणि त्याचं उत्तर मिळालं नाही तर सही करत नाही: दर वर्षी रंग कोण मारणार?