सोलापुरात बसून फुटबॉल संघ कसा सांभाळावा

सदर मार्गदर्शन सोलापूर शहर व जिल्ह्यातील रहिवाशांसाठी आहे. कोल्हापूरकरांनी ते वाचण्याची गरज नाही. त्यांच्याकडे शाहू स्टेडियम आहे, पाटाकडील आहे, खंडोबा आहे, दिलबहार आहे, सगळे गावातलेच संघ. मुख्य म्हणजे तिथल्या बचावपटूने हातचा सामना घालवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेठेतल्याच चहाच्या गाड्यावर सापडतो आणि त्याला जे विचारायचं ते तोंडावर विचारता येतं. आपल्याला ती सोय नाही. आपला बचावपटू युरोपातून यायचा, पुण्याच्या बालेवाडीत चुकायचा आणि मोसम संपला की विमानात बसायचा. त्याला गाठायचं कुठे?

पात्रता

वाट पाहण्याची सवय हवी. सोलापूरकर इथे जन्मतःच उत्तीर्ण होतो. ज्या शहरात वर्षानुवर्षं नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी आलं, तिथल्या माणसाला 'पुढच्या मोसमात बघू' या वाक्याचा त्रास होत नाही. २०१६ साली देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांच्या यादीत आपलं नाव झळकलं, तेव्हाही आपण हातात पेपर घेऊन नळाकडेच बघत होतो. फुटबॉलप्रेमासाठी लागणारी मूलभूत मनःस्थिती ती हीच.

संघाची निवड

निवड कुठली आली! २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि त्यात पुण्याचा संघ आला, एफसी पुणे सिटी. सोलापूरपासून अडीचशे किलोमीटर. म्हणजे घरचाच. मालकांत वाधवान समूह, सोबत हृतिक रोशन, भागीदार म्हणून थेट इटलीचा फिओरेंटिना क्लब, आणि पहिल्याच वर्षी १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातला डेव्हिड त्रेझेगे. एवढं सगळं पाहिल्यावर बचावफळीत कोण आहे हे विचारायचं राहून गेलं. मुलगी बघायला जाऊन घराचा रंग बघून आल्यासारखं झालं. नवशिक्यांनी हे टाळावं: ताफ्याची यादी नेहमी गोलरक्षकापासून वाचत यावी आणि आघाडीपटू आले की वही मिटावी.

२०१६ चा मोसम या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. आइसलंडचा आयदुर गुडजॉन्सन हे त्या वर्षीचं मोठं नाव होतं. मोसम सुरू होण्याआधीच तो जखमी झाला आणि एकही सामना न खेळता परत गेला. पाच वर्षांत ज्याच्यावर मी एकदाही ओरडलो नाही असा परदेशी खेळाडू तो एकटाच. म्हणून त्याच्याबद्दल आजही आदर आहे.

साहित्य आणि प्रवास

सामना बालेवाडीत, संध्याकाळी. पुण्याहून सोलापूरला येणारी हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी सहाला सुटते. म्हणजे तिकडे खेळाडू मैदानात उतरायच्या आत इकडे आपली परतीची गाडी गेलेली. मग उत्तररात्री येणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वाट बघत पुणे स्थानकाच्या फलाटावर बसायचं. रेल्वेने वेळापत्रक ठरवताना बचावफळीचा विचार केलेला नाही, पण पराभवानंतर माणसाला चार तास एकट्याने बसायला मिळावेत अशी काहीतरी योजना असावी.

सोबत कडक भाकरी, शेंगा चटणी आणि एक चादर घ्यावी. कडक भाकरी मुद्दाम सांगतो. ती महिनाभर टिकते. २०१८ च्या मोसमात आमच्या संघाने मिगेल आंखेल पोर्तुगाल नावाचा स्पॅनिश प्रशिक्षक आणला (नावातच दिशाभूल होती, पण ते असो). पहिला सामना ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाला. तीन सामने, एकही विजय नाही, आणि ऑक्टोबर संपायच्या आत गृहस्थ घरी. आमच्या घरी त्या मोसमासाठी केलेल्या भाकरीच्या चवडीतल्या दोन तोवर डब्यात शिल्लक होत्या.

बचाव कसा पाहावा

शक्यतो पाहू नये. पाहायचाच असेल तर घरातली लहान मुलं झोपल्यावर, आवाज बंद करून. कॉर्नर किकच्या वेळी विशेष काळजी घ्यावी. चेंडू हवेत असतो, आपले दोन बचावपटू त्याच्याखाली उभे असतात आणि एकमेकांकडे 'आधी तुम्ही' अशा नजरेने बघत असतात. लग्नात पहिल्या पंगतीला बसताना दोन व्याही बघतात तसे. तिसरा मागून येतो आणि जेवून जातो.

ओरडण्यासाठी तीनच वाक्यं पुरतात: 'मागे बघ', 'तो मोकळा आहे' आणि 'आता काय उपयोग'. क्रम बदलू नये.

माझ्या एका मित्राचे पूर्व भागात यंत्रमाग आहेत. घरी तेलुगू, कामगारांशी मराठी आणि मागाशी कानडी बोलतो. त्याला फुटबॉल कळत नाही, पण कापड कळतं. एका रात्री तो माझ्याकडे सामना बघायला बसला आणि दुसरा गोल खाल्ल्यावर म्हणाला, "का बे, आमच्याकडं उभा धागा तुटला की माग थांबवतात, गाठ मारतात, मग पुढचं विणतात. तुमच्याकडं थांबवत नाहीत का?" मी म्हटलं, फुटबॉलमध्ये मध्येच थांबवता येत नाही. "मग मोसम संपल्यावर तरी गाठ मारत असतील की." मी म्हटलं, तेव्हा प्रशिक्षक बदलतात. तो हसला. "म्हणजे धागा तुटला की विणकर बदलायचा? लई भारी मालक आहेत बे तुझे."

बचावाबद्दल इतकं नेमकं मी नंतर कुठल्याही समालोचकाकडून ऐकलेलं नाही.

धोक्याची सूचना: बचाव चांगला खेळला तर जास्त घाबरावं. ७ मार्च २०१८. आमचा संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत. त्या वर्षी मार्सेलिन्यो आणि अल्फारो पुढे गोल करत होते, म्हणून मागचं झाकलं जात होतं. समोर बेंगळुरू. पुण्यातला सामना शून्य-शून्य. एकही गोल खाल्ला नाही! मी घरी शेंगा पोळ्या करायला सांगितल्या. चार दिवसांनी बेंगळुरूत परतीचा सामना झाला. सुनील छेत्रीने १५ व्या मिनिटाला एक, ६५ व्या मिनिटाला पेनल्टीवर दुसरा आणि ८९ व्या मिनिटाला तिसरा गोल केला. मध्ये लुकाने आमच्यासाठी एक मारला, तो केवळ आशा जिवंत ठेवून छळण्यापुरता. ३-१. पोळ्या शेजाऱ्यांकडे पाठवल्या. छेत्रीबद्दल राग नाही. देशासाठी तो असेच गोल करायचा तेव्हा टाळ्या आपणच वाजवल्या होत्या. राग याचा की त्याला सगळं गाव ओळखत होतं आणि आमच्या सेंटर बॅकशी मात्र त्याची ओळख कुणी करून दिलेली दिसली नाही.

व्यवस्थापन कसं समजून घ्यावं

सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. कुठला पहिला, कुठला दुसरा, मान कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. धरणारे आधी कित्येक दिवस रात्री रस्त्यावर सराव करतात, आणि मग ती उंचच्या उंच जड काठी कमरेशी तोलून अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. तोल जाऊ द्यायचा नाही, एवढंच काम.

आमच्या संघाचेही सात झाले. पाच मोसमांत सात प्रशिक्षक: कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, मध्ये काही दिवस प्रद्युम्न रेड्डी, मग फिल ब्राउन. इटलीचा, इंग्लंडचा, स्पेनचा, सर्बियाचा, परत स्पेनचा, आपला, परत इंग्लंडचा. प्रत्येकाने येताच 'आपण नव्याने बांधणी करू' असं म्हटलं असेल, आणि बचावपटूंनी प्रत्येक वेळी नव्या भाषेत मान हलवली असेल. शेजारी कोण उभा आहे हे पाठ होईपर्यंत उभं राहण्याची पद्धतच बदलायची. आम्ही बिचाऱ्या सेंटर बॅकला शिव्या देत राहिलो. भोक मैदानावर नव्हतंच, ते कचेरीत होतं, आणि कचेरीचं थेट प्रक्षेपण होत नाही.

व्यवस्थापनाला पत्र लिहायचं असेल तर जरूर लिहावं. मराठीत लिहावं, म्हणजे मनातलं सगळं लिहिता येतं आणि कुणी वाचण्याचा धोकाही राहत नाही. मी तीन पानं लिहिली होती. टपालात टाकायला निघालो, तेवढ्यात संघच गेला.

संघ निघून जाताना पाळायची शिस्त

ऑगस्ट २०१९. पुण्याचा संघ मोडला, त्याची जागा नव्या मालकांनी घेतली आणि नाव झालं हैदराबाद एफसी. प्रशिक्षक फिल ब्राउन तोच, मार्सेलिन्यो तोच, बचाव तोच, गाव वेगळं. आता भूगोल आठवा. पुण्याहून हैदराबादला महामार्गाने जा की रेल्वेने, सोलापूर लागतंच. पाच वर्षं आम्ही ज्यांच्यासाठी फलाटावर रात्री काढल्या ते आमच्याच गावावरून पुढे गेले. पुणे-सिकंदराबाद शताब्दी तेव्हा सोलापूर स्थानकात थांबायची. संघाचं सामान तिने गेलं असेल तर तेवढी मिनिटं संघ तांत्रिकदृष्ट्या सोलापूरचा होता, असं मी धरून चालतो.

यंत्रमागवाला सकाळीच पेढे घेऊन हजर. "का बे, तुझी टीम माझ्या मामाच्या गावाला गेली की!" त्याचे निम्मे नातेवाईक तिकडेच. त्याला संघ आयता मिळाला होता आणि मला त्याच्याच हातचा पेढा खावा लागला.

पुढे जायचं की नाही? शास्त्र सांगतं, एक मोसम बघावा. मी बघितला. पहिलाच सामना कोलकात्यात, ५-०. अर्थात आम्ही शून्यवाले. या ब्राउनसाहेबांची एक कथा प्रसिद्ध आहे. २००८ च्या डिसेंबरात हल सिटीचे प्रशिक्षक असताना मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतराला चार गोलांनी मागे पडले, तेव्हा त्यांनी खेळाडूंना खोलीत न नेता मैदानावरच सगळ्यांसमोर बसवून झापलं. आपल्याकडे शाळेत वर्गाला उन्हात उभं करायचे तसंच. हैदराबादेत तेही जमलं नाही, जानेवारी २०२० मध्ये त्यांना निरोप मिळाला. संघाने त्या मोसमात अठरा सामन्यांत दहा गुण मिळवले आणि तळ गाठला.

तेव्हा मी रुसलो. रीतसर राजीनामा दिला, यंत्रमागवाल्याच्या हातात. आणि इथे या मार्गदर्शनातली सर्वांत मोठी चूक नोंदवतो, ती माझी आहे. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामना झाला. केरळा ब्लास्टर्स एका गोलने पुढे, ८८ व्या मिनिटाला गोव्याच्याच साहिल ताव्होराने बरोबरी केली, आणि पेनल्टींवर गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडवले. हैदराबाद विजेता! कट्टीमनी हे आडनाव ऐकलं की आपल्याला तो अक्कलकोट-विजापूरकडचा कुणीतरी वाटतो, आहे गोव्याचा. मनोलो मार्केझ नावाच्या प्रशिक्षकाला सलग दुसऱ्या वर्षी ठेवलं होतं, एवढाच फरक. विणकर बदलला नाही आणि चादर पुरी झाली. आणि मी? राजीनामा दिलेला माणूस. रात्री उशिरा बातम्यांत पाहिलं. यंत्रमागवाल्याने फोनवर फक्त "काय बे?" एवढंच विचारलं.

म्हणून मी राजीनामा मागे घेतला. तो परत घेतला आणि पगार थकल्याच्या तक्रारी सुरू झाल्या, खेळाडू करार मोडून जाऊ लागले, नवे घ्यायला बंदी आली. २०२३-२४ चा अख्खा मोसम एक विजय. तळ पुन्हा भेटला, जुना शेजारी भेटावा तसा.

पर्याय

काही जण सुचवतात की आता एफसी गोवा धरावा. ९ जून २०२५ ला सोलापुरातून गोव्याला विमान सुरू झालं. त्याआधी १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली गेली, विमानाला अडथळा म्हणून. यंत्रमागवाल्याचं यावर मत असं, की ती चिमणी तुझ्या सेंटर बॅकपेक्षा बरी. तिला हलवायला कोर्टकचेऱ्या आणि कित्येक वर्षं लागली. मी यावर वाद घातला नाही.

पण संघ बदलण्यापूर्वी रेल्वेचं वेळापत्रक जवळ ठेवावं, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. २०१९ च्या उन्हाळ्यानंतर पुण्याचा संघ हैदराबादला गेला, त्याच ऑगस्टात दिल्लीचा संघ भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. दिल्ली रिकामी. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये हैदराबादचा संघ दिल्लीला नेला, नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. यंत्रमागवाल्याला हे कळलं तेव्हा त्याने माग थांबवला, दोन मिनिटं बसला आणि म्हणाला, "आता पेढे कोण कुणाला देणार बे?"

मी म्हटलं, या वेळी निदान स्थानकावर जाऊन निरोप तरी देऊ. वेळापत्रक काढून पाहिलं. हैदराबादहून दिल्लीला जाणारी तेलंगणा एक्स्प्रेस नागपूरवरून जाते. वाटेत सोलापूर लागत नाही.