घरगुती जेसीबी रिमोटवर घेताना पाळावयाची पथ्ये

उर्से परिसरात हे काम हाती घेणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे, की इथली जनता जेसीबीच्या बाबतीत अडाणी नाही. पलीकडे नवलाख उंब्र्याच्या एमआयडीसीत जेसीबीचा कारखानाच आहे. विहिरीचा गाळ काढण्यापासून ते निवडून आलेल्या सरपंचावर गुलाल उधळण्यापर्यंत सगळी शुभकार्ये ह्याच यंत्राच्या बकेटातून पार पडतात. अशा मुलखात हाताने ढकलायचा जेसीबी अंगणात आणला, तर शेजारचे शेंबडे पोरही विचारते, "ह्याचा ऑपरेटर कुठंय?"

खेळणे निवडताना मागची चाके मोठी आणि पुढची लहान आहेत ना, ते पाहावे. मग ते उताणे करून उघडावे. चार स्क्रू दिसतात. पाचवा स्टिकरखाली दडलेला असतो. तो न शोधता जोर लावणाऱ्याला पुढे रिमोटऐवजी फेविक्विक लागते.

मागच्या आसाला 100 आरपीएमची एन-20 गिअर मोटर बसवावी, आणि ती व रिसीव्हर यांच्यामध्ये वेग आवरणारा ईएससी घालावा. चाक 5 सेंटिमीटरचे धरले तर गाडी मिनिटाला पावणेसोळा मीटर, म्हणजे ताशी जेमतेम एक किलोमीटर जाते. हा वेग कमी वाटणाऱ्याने रविवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गावरच्या आपल्याच टोलनाक्यावर उभे राहून तुलना करावी. मोटरच्या दोन टोकांना 104 छापलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करावा. मसुराच्या डाळीएवढा हा दाणा विसरला, तर ब्रशमधल्या ठिणग्यांचा उपद्रव बाकीच्या सर्किटला होतो आणि कुणी न सांगता लोडरचा दांडा थरथरू लागतो. वायर मात्र गावाभिमानाने निवडू नये. फिनोलेक्सची केबल उर्से गावातच तयार होते हे खरे; पण घराच्या फिटिंगची जाड वायर खेळण्याच्या पोटात कोंबली तर वरचा टप बसत नाही.

खरा प्रश्न उचलण्याचा. मोठ्या यंत्रात हायड्रॉलिक तेल असते, आपल्याकडे 9 ग्रॅमचा निळा सर्वो. त्याची ताकद एका सेंटिमीटरवर साधारण पावणेदोन किलो. ऐकायला भरघोस वाटते, पण बकेट सर्वोपासून 10 सेंटिमीटर लांब असले की हाती उरतात पावणेदोनशे ग्रॅम. त्यातून दांड्याचे आणि बकेटाचे स्वतःचे वजन वजा जाता मूठभर इंद्रायणी तांदूळ उचलला जाईल. खाचरातला जुलैचा चिखल उचलायला सांगू नये. तो बकेटात शिरतो, बाहेर पडत नाही, आणि सर्वोचे प्लॅस्टिकचे दात पडतात. चिडून मेटल गिअरचा दांडगा सर्वो घालाल, तर मालाऐवजी गाडीचीच मागची चाके उचलली जातात. त्यावर उपाय हायवेच्या टायरवाल्याकडे. व्हील बॅलन्सिंगची उतरवलेली वजने मागून आणावीत आणि मागच्या बुडाशी, टपाच्या आत, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशी चिकटवावीत.

रिमोट 2.4 गिगाहर्ट्झचा, सहा चॅनलचा. पुढेमागे जायला एक, वळायला एक, लोडरच्या दांड्याला एक, बकेटाला एक. उरले दोन; आणि मागच्या खोदायच्या हाताला हवेत चार. आमचे मत विचाराल तर तो हात शोभेचा ठेवावा. कुणी टोकलेच तर "ते दुसऱ्या टप्प्यात" म्हणावे. रस्त्यांच्या कामांमुळे ह्या उत्तराची लोकांना सवय आहे.

दोन 18650 सेल सिरीजमध्ये जोडून 7.4 व्होल्ट मिळतात. सर्वोला मात्र मध्ये बक कन्व्हर्टर घालून 5 व्होल्टच द्यावेत. थेट जोडल्यास धूर निघण्याचा संभव असतो. बघ्यांना तो डिझेलचा वाटून कौतुक होईल, आपण फसू नये.

बघे येणारच. जेसीबी चालू आहे आणि हात पाठीमागे बांधून कुणी उभे नाही, असे दृश्य महाराष्ट्रात अजून पाहण्यात नाही. त्यांना हाकलू नये, कामे वाटून द्यावीत: एकाने "आजून डावीकडं घे" म्हणावे, दुसऱ्याने "हे पोकलेनचं काम व्हतं" म्हणावे. खेळणे ज्याच्या नावावर आणले त्या पोराला फावल्या वेळात रिमोट द्यावा. शेवटी एखादे तात्या पुढे येतात.

"तासाला काय घेतो रं?"

"तात्या, खेळण्यातला आहे हो."

"ते दिसतंय. सूनबाईच्या कुंड्यांत माती भरायचीय."

अशा वेळी दर आधी ठरवावा. बॅटरी पाऊण तासात बसली तर पुऱ्या तासाचे पैसे मागू नयेत, आणि चार्जिंग तात्यांकडे लावून घ्यावे.