होई आन : एक दुचाकी-मीमांसा

मध्य व्हिएतनाममध्ये थू बोन नदीच्या मुखाजवळ वसलेले होई आन हे जुने बंदर आज बरेचसे जसेच्या तसे पाहायला मिळते, आणि याचे श्रेय अनेकांना दिले जात असले, तरी त्यातला सिंहाचा वाटा नदीतल्या गाळाचा आहे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत जपानी, चिनी, पोर्तुगीज आणि डच व्यापारी येथे रेशीम, चिनी मातीची भांडी आणि मसाल्यांसाठी येत असत. पुढे पात्र उथळ होत गेले, मोठ्या जहाजांनी उत्तरेला सुमारे 30 किलोमीटरवर असलेल्या दा नांगची वाट धरली आणि होई आनकडे जुने वाडे पाडून नवे बांधण्याइतका पैसाच उरला नाही. इतर शहरे सुधारत असताना हे गाव निव्वळ ओढगस्तीमुळे सुधारायचे राहून गेले, आणि 1999 मध्ये युनेस्कोने त्या राहून जाण्याला जागतिक वारसा असे भारदस्त नाव दिले. (पुनर्विकासाच्या करारावर सह्या होण्याची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनी या घटनाक्रमाचा अभ्यास करायला हरकत नाही.)

गावाच्या भोवतालची भातखाचरे, खाड्या आणि वाड्यावस्त्या पाहण्याचे सर्वमान्य साधन म्हणजे 'से माय', अर्थात यंत्रावर चालणारी गाडी, म्हणजेच मोटरसायकल किंवा स्कूटर. दक्षिणेकडील बोलीत कोणत्याही कंपनीच्या दुचाकीला सरसकट 'होंडा' म्हणण्याची रीत होती, आणि ज्या समाजाने कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा व कोणत्याही छायाप्रतीला झेरॉक्स म्हटले, त्याला ती उलगडून सांगण्याची गरज नाही. याच कुळातला दुसरा शब्द 'से ओम'. तो प्रथमच कानावर पडलेल्या भाविक प्रवाशाला एखाद्या आश्रमाच्या वाहनसेवेचा भास होतो. प्रत्यक्षात 'ओम' या व्हिएतनामी क्रियापदाचा अर्थ मिठी मारणे असा असून, मागे बसणाऱ्याने चालकाला धरून बसावयाचे असते म्हणून भाड्याच्या मोटरसायकलीला हे नाव मिळाले आहे. लिहिताना मात्र 'से'मधला 'स' रोमी 'एक्स'ने दाखवला जातो, कारण या भाषेची रोमी लिपी सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी घडवली आणि त्यांपैकी अलेक्झांद्र द रोद यांनी 1651 मध्ये रोम येथे या भाषेचा शब्दकोश छापला. त्याच संघाच्या थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात रोमी लिपीत छापले गेले होते. मराठीने पुढे तो मार्ग सोडला. तिकडे तो राजमार्ग झाला आणि त्यावरून आता स्कूटरी धावतात.

होई आनला येणारा मराठी प्रवासी हा बहुधा दुचाकीवरच वाढलेला असल्यामुळे, आपल्याला येथे शिकण्यासारखे काही नाही अशी त्याची नम्र समजूत असते. तिला पहिला धक्का कायद्याकडून बसतो. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो, तर व्हिएतनाम 1968 चा व्हिएन्ना करार मानतो, आणि दोन करारांमधल्या 19 वर्षांच्या फटीत प्रवाशाचा परवाना, आणि त्यासोबत विमाही, अलगद नाहीसा होतो. कायद्याला धरून चालायचे, तर परवान्याची अट नसलेल्या 50 सीसीच्या आतल्या गाडीवर समाधान मानावे लागते. लूना चालवलेल्या पिढीला हे समाधान किती हळू धावते ते ठाऊक आहे. दुसरा धक्का यंत्राकडून बसतो. येथील अनेक गाड्यांना पायाने बदलायचे गिअर असतात, पण क्लचची दांडी नसते. परिणामी प्रत्येक गिअरला डाव्या हाताची चार बोटे सवयीने हवेवर मिटतात, आणि पहिले दोन किलोमीटर तरी हा प्रवासी एखाद्या अदृश्य म्हशीची धार काढत चालल्यासारखा दिसतो.

तिसरा आणि सर्वांत खोल धक्का दिशेचा. व्हिएतनाममध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. हे तत्त्व बुद्धीला क्षणात पटते, पण मान, डोळे आणि पाय यांना पटायला दोन दिवस लागतात, आणि त्या दोन दिवसांत प्रवासी चौकात उभा राहून ज्या दिशेने काहीच येणार नसते त्या दिशेकडे अत्यंत दक्षतेने पाहत असतो. चौकातली वाहतूक त्याच्यासाठी थांबत नाही. मात्र ती त्याच्या अंगावरही येत नाही. येथे वाहने एकमेकांना थांबवण्याऐवजी थोडी वळून, थोडा वेग कमी करून पुढे सरकतात, आणि सगळा प्रवाह खडकाला वळसा घालणाऱ्या पाण्यासारखा न अडता वाहत राहतो. अट एवढीच, की खडकाने मध्येच मन बदलू नये. भोंग्याचा अर्थही निराळा आहे. 'मागे कोणीतरी आहे' एवढीच माहिती तो पुरवतो; पुढच्याच्या अकलेविषयीची जी पृच्छा पुण्यातल्या भोंग्यातून स्पष्ट ऐकू येते, ती येथे ऐकू येत नाही. शिरस्त्राण 15 डिसेंबर 2007 पासून सक्तीचे झाले आणि लोकांनी ते निमूटपणे डोक्यावर चढवले, ही गोष्ट हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघालेल्या शहरातील प्रवाशाला काहीशी नामुष्कीची वाटते.

गाडी भाड्याने देणारी बाई प्रथम प्रवाशाचे वय विचारते, आणि यात आगाऊपणा नसून व्याकरण आहे. व्हिएतनामी भाषेत 'तू' किंवा 'तुम्ही' असे कोणालाही चालणारे सर्वनाम नसल्यासारखेच आहे. समोरच्याला नात्याने संबोधावे लागते, म्हणजे 'आन' हा थोरला भाऊ, 'ची' ही थोरली बहीण, 'चू' हा वडिलांचा धाकटा भाऊ. रिक्षावाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सर्वांना दादा-काका म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही पद्धत माहेरची वाटायला हवी. पण स्वतःला 'आन' समजत आलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाला जेव्हा ती 'चू' म्हणते, तेव्हा भाषा निराळी असूनही सोसायटीतल्या मुलांनी पहिल्यांदा 'काका' म्हटल्याची जुनी जखम पुन्हा भळभळते.

एवढे सायास करून मिळवलेली गाडी प्रत्यक्ष जुन्या गावात मात्र निरुपयोगी ठरते, कारण दिवसातले बरेच तास तेथे फक्त पादचारी आणि सायकली यांनाच प्रवेश असतो. गाडी वेशीवरच्या वाहनतळावर लावली, की राखणदार तिच्या आसनावर खडूने एक आकडा लिहितो, तोच कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून हातात देतो, आणि परतल्यावर तोच आकडा विजारीच्या मागच्या बाजूवर उमटून घरापर्यंत येतो. आतली घरे रुंदीला कमी आणि लांबीला फार, म्हणजे एका रस्त्यावर दुकान तर मागच्या दारी नदी, अशी आहेत. पावसाळ्याच्या शेवटी नदी या घरांतूनच जाते. म्हणून जुन्या घरांच्या माडीच्या तक्तपोशीत एक झडप ठेवलेली असते, तिच्यातून दोरीने माल वर ओढून घेतात, आणि पाणी ओसरल्यावर ते कुठपर्यंत आले होते याची खूण वर्षासह भिंतीवर करून ठेवतात, जशी इतरत्र मुलांची उंची मांडतात.

गावातला जपानी पूल सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला असे मानतात. त्याच्या एका टोकाला कुत्र्यांच्या आणि दुसऱ्या टोकाला माकडांच्या मूर्ती राखणीला बसल्या असून, 2024 मध्ये दुरुस्तीनंतर तो नव्या रंगात खुला झाला, तेव्हा तो फारच नवा दिसतो अशी तक्रार झाली. या पुलाचे चित्र 20,000 डोंगांच्या नोटेवर आहे. एका रुपयाला सुमारे 300 डोंग मिळत असल्यामुळे प्रवासी येथे काही तासांतच लक्षाधीश होतो. दुर्दैवाने 20,000 ची नोट निळी आणि 5,00,000 ची नोटही निळसरच असल्यामुळे त्याची ही श्रीमंती तितक्याच वेगाने ओसरू शकते.

खरा प्रवास गाव सोडल्यावर सुरू होतो. उत्तरेला जेमतेम तीन किलोमीटरवर त्रा क्वे ही भाजीवाडी आहे. तेथील वाफ्यांना खाडीतले शेवाळ खत म्हणून घालतात. जवळच 'काम हा' या गावात कुंड्यांत चिनी संत्र्यांसारखी फळझाडे वाढवतात आणि चांद्र नववर्षापूर्वी फळांनी लगडलेली ती झाडे मागच्या आसनावर बांधून नेतात, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला रस्त्यावरून बागच चालत निघाल्यासारखी वाटते. खाचरांत मध्येच रंगीत थडगी उभी असतात, कारण पूर्वजांना त्यांच्याच शेतात विसावा देण्याची चाल आहे, आणि त्यांच्या सभोवती म्हशी निश्चिंतपणे चरतात. स्कूटरवरच्या स्त्रिया टोपीचे जाकीट, मुखपट्टी आणि हातमोजे घालून उन्हापासून इतक्या पूर्ण झाकलेल्या असतात, की पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून आलेल्या प्रवाशाला परदेशात पहिल्यांदाच आपले कोणी भेटल्यासारखे वाटते.

सुमारे 40 किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत, मी सोन हे चंपा राज्याचे मंदिरक्षेत्र आहे. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने येथे शिवाची स्थापना केली आणि स्वतःच्या नावाला जोडून देवाला भद्रेश्वर म्हटले. पुढची कित्येक शतके विटांची देवळे उठत राहिली, आणि त्या विटा दिसेल असा चुना न वापरता एकमेकींना कशा चिकटवल्या, यावर विद्वान अजून वाद घालतात. 1969 मध्ये अमेरिकी बाँबफेकीत यांतले सर्वांत भव्य देऊळ कोसळले; बाँबचे खड्डे आजही गवताने भरलेले दिसतात, आणि तेथे हा लेख क्षणभर विनोद बाजूला ठेवतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 2017 पासून काही वर्षे येथे दुरुस्तीचे काम केले, त्या कामात 2020 मध्ये नवव्या शतकातले अखंड वालुकाश्माचे शिवलिंग मिळाले. शिलालेख संस्कृतातही आहेत असे कळताच मराठी प्रवाशाची छाती रुंदावते, कारण शालान्त परीक्षेत संस्कृतला शंभरापैकी पंचाण्णव गुण मिळवलेले असतात. मात्र लिपी दक्षिण भारतीय ब्राह्मीच्या वंशातली निघाल्यामुळे तो शिळेसमोर उभा राहून 'देव'चे प्रथमेचे एकवचन मनात म्हणतो आणि पुढच्या देवळाकडे वळतो.

परतीच्या वाटेवर लहान टाकीची गाडी हटकून थांबते. रस्त्याच्या कडेला फळकुटावर थंड पेयाच्या जुन्या बाटल्यांत पिवळसर द्रव भरून ठेवलेला असतो, तो सरबत नसून पेट्रोल असते, आणि शंकूच्या टोपीतली एखादी सुरकुतलेली आजी ते नरसाळ्याने टाकीत ओतते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात प्रवासी पाकिटातली एक निळी नोट काढून तिच्या हातावर ठेवतो. आजी ती नोट डोळ्यांजवळ नेते, मग त्याच्याच पाकिटातून पूल असलेली नोट ओढून घेते, मोठी नोट घडी घालून त्याच्या खिशात खोचते, आणि सकाळी 'चू' ठरलेल्या त्या पन्नाशीच्या गृहस्थाला 'कॉन', म्हणजे 'बाळा', अशी हाक मारून वाट उजवीकडून आहे हे हाताने दाखवते.