ओढा आणि सोडा

परदेशी निघालेल्या माणसाने आधी 'नमस्कार' आणि 'आभारी आहे' शिकावं, असं प्रवासाच्या पुस्तकांत छापलेलं असतं. पोटाचं मत वेगळं असतं. विमानतळावर उतरल्यावर आभार मानण्याआधी त्याला दुसरंच काही विचारायचं असतं.

डेन्मार्कमध्ये ते विचारायला अडत नाही. 'टॉयलेट' हा शब्द तिथेही चालतो, उच्चार तेवढा फ्रेंच वळणाचा, 'टोआलेट'. गंमत होते ती 'बाथरूम' विचारलं की. आपल्याकडे वर्गात पोरगं करंगळी वर करून "बाई, बाथरूमला जाऊ?" म्हणतं, तेव्हा ते अंघोळ करून परत येईल अशी बाईंची अपेक्षा नसते. डॅनिश भाषेतलं 'बादेवेरेल्से' मात्र शब्दाला जागतं. ती अंघोळीची खोली. हॉटेलात जेवता जेवता तिची चौकशी केलीत, तर वाढणारा मनातल्या मनात टॉवेल शोधू लागेल.

हे 'बादेवेरेल्से' डॅनिश लोकांनी घरच्या घरी जोडून तयार केलं. अंघोळीत लाजण्यासारखं काही नाही, मग नाव बाहेरून कशाला आणायचं? शेजारच्या दाराचं तसं नाही. त्या एका दारासाठी त्यांनी युरोपभर उसनवारी केली आहे.

सगळ्यात मुरलेला शब्द 'लोकुम'. मूळ लॅटिन, अर्थ नुसता 'जागा'. कसली, ते विचारायचं नाही. आपणही 'परसाकडे' म्हणताना दिशाच सांगतो, काम सांगत नाही. दुसरा शब्द 'दास', जर्मनकडून आलेला. जर्मनमध्ये ते नामाआधी लागणारं उपपद आहे. 'दास हाउस' म्हणजे घर. डॅनिश माणसाने संकोचाने घर गिळलं आणि उपपद तेवढं ठेवलं. मराठी कानाला तो 'डास' ऐकू येतो आणि अंगणातल्या संडासाच्या लाकडी खोपटाला तेही शोभतं. खोपटाच्या दाराला बदामाच्या आकाराचं भोक कोरायची जुनी रीत होती, उजेडाला आणि हवेला. प्रेमाचं चिन्ह इतक्या उपयोगी कामाला क्वचितच लागलं असेल. पुढे इंग्रजांकडून 'डब्ल्यू सी' आला, त्याचा डॅनिशांनी 'वेसे' केला, आणि फ्रेंचांकडून 'टॉयलेट', ज्याचा मूळ अर्थ कापडाचा लहानसा तुकडा.

'लोकुम'ने तर दाराबाहेरही संसार थाटला. पुढाऱ्यांनी पडद्याआड गुपचूप केलेल्या तडजोडीला डॅनिश राजकारणात 'लोकुमचा करार' म्हणतात. प्रकरण अगदी गळ्याशी आलं की 'लोकुम पेटलं' म्हणतात. आता तुर्कस्तानात गुलाबपाणी घातलेल्या, पिठीसाखरेत घोळवलेल्या मऊ वड्या मिळतात, त्यांचंही नाव लोकुम, स्पेलिंगसुद्धा तेच. कोपनहेगनच्या तुर्की दुकानात ती पेटी भेट म्हणून घेणाऱ्या डॅनिश माणसाच्या मनाचा मोठेपणा मानायला हवा.

खोलीचं नाव असं परकं, पण खोलीतल्या ऐवजाचं नाव अस्सल देशी: 'लोर्त'. त्यात आडपडदा नाही. कोपनहेगनच्या दक्षिणेला आमागर बेट आहे. राजा दुसरा क्रिस्तियान याने 1521 मध्ये भाज्या पिकवायला तिथे डच शेतकरी वसवले. पुढे शहराचा मैला गाड्यांतून त्याच बेटावर जाऊन पडू लागला, शेतांना खत झाला, आणि लोकांनी बेटाचं नाव ठेवलं 'लोर्तचं बेट'. आजही ते चेष्टेने घेतलं जातं. कोपनहेगनचा कास्त्रुप विमानतळ याच बेटावर आहे. म्हणजे मुंबईहून गेलेला पाहुणा डेन्मार्कच्या भूमीवर पहिलं पाऊल ठेवतो ते नेमकं तिथे.

शहरात उरलेल्या घाणीची किंमत मात्र शहराला मोजावी लागली. 1853 मध्ये कोपनहेगनात कॉलऱ्याची साथ आली आणि 5 हजारांच्या आसपास माणसं गेली. तटबंदीच्या आत दाटीवाटीने राहणारी वस्ती, खराब पाणी, उघडी गटारं. त्यानंतर शहर तटाबाहेर पसरलं, 1859 मध्ये पाणीपुरवठ्याची नवी व्यवस्था सुरू झाली. वेस्टरब्रो, नॉरेब्रो भागांत चार-पाच मजली चाळवजा इमारती उठल्या, पण संडास खाली मागच्या चौकातच राहिले. हिवाळ्यात रात्री चौथ्या मजल्यावरून उतरायचं म्हणजे काय, ते गिरगावच्या चाळीत सामाईक संडासाची रांग पाहिलेल्याला समजावून सांगायला नको.

मग साखळी ओढायचे संडास आले आणि इथे डॅनिश भाषेने अखेर स्वतःचं डोकं चालवलं. नाव दिलं 'त्रेक ओ स्लिप', म्हणजे ओढा आणि सोडा. ना लॅटिन, ना लाज. नावातच वापरण्याची कृती. एवढा सरळ शब्द कुठल्याही भाषेने हेवा करावा असा आहे. आपण मात्र फारसीकडून 'पायखाना' घेतला, संस्कृतातून 'शौचालय' घडवलं, इंग्रजीकडून 'टॉयलेट' उचललं आणि पाटी कुठलीही असली तरी आत शिरताना नाक दाबलंच. खोलीला नाव कोणतंही द्या, तिची अब्रू पाण्यावर आणि फडक्यावर ठरते.

तेव्हा डेन्मार्कला जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दारावर 'एच' असेल तर ते 'हेरर', पुरुषांचं. 'डी' असेल तर 'दामर', बायकांचं. आणि कोपनहेगनच्या जुन्या घरात उतरलात, तर कमोडच्या डोक्यावरच शॉवर लावलेला सापडेल, कारण जागाच तेवढी आहे. अंघोळ झाली की कोपऱ्यातला रबरी वायपर घ्या, सगळं पाणी जाळीकडे ओढा, आणि मगच बाहेर या. यजमान तुम्हाला पुन्हा बोलावतील.