दाखला आणि झेला

माझा पुतण्या सध्या प्रशिक्षित आहे. जामसंड्यात कुणी ‘झील काय करता?’ असं विचारलं की आमची वहिनी हेच सांगते, आणि विचारणाराही ‘बरा झाला’ म्हणून पुढे जातो. पूर्वी ‘मुंबैक आसा’ एवढ्यावर भागायचं. गिरणीत आहे की गिरणीच्या गेटबाहेर, हे कुणी उकरून काढत नसे. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला तर नोकरी शाबूत. नाही आला तर समजायचं, 1982चा संप अजून चालू आहे. आता मनीऑर्डरच्या जागी प्रमाणपत्र येतं. ते वटत नाही, पण लॅमिनेट होतं.

पुतण्याची अशी पाच लॅमिनेशनं भिंतीवर आहेत. त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. आमचं कोकण बोर्ड वेगळं झाल्यापासून दहावी-बारावीला राज्यात पहिलं येतंय. 2024 साली दहावीचा निकाल 99.01 टक्के लागला. शंभरातलं जे एक पोर राहिलं, ते बहुधा आज देवगड बंदरात ट्रॉलरवर कमावत असेल. उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय करायचं, हा सरकारपुढचा प्रश्न.

सरकारने तो नाव बदलून सोडवला. आमच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज होतं. कार्ड काढायचं, ते वेळेवर नूतनीकरण करून घ्यायचं आणि कॉल येण्याची वाट बघत म्हातारं व्हायचं. आता ओरोसला त्याच जागी ‘जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ आहे. पाटी वाचून होईपर्यंत परतीची एसटी सुटते. पण पाटीवरचा क्रम बघा. आधी कौशल्य, मग रोजगार. रोजगार नाही मिळाला तर उद्योजकता, आणि तीही नाही जमली तर मार्गदर्शन आहेच.

मग 2024च्या जुलैत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ, पदवीधराला दहा. पुतण्या बी.कॉम., म्हणून दहावाला. मुदत सहा महिन्यांची होती, पुढे पाच वाढवून अकरा केली. त्याला एक कार्यालय मिळालं. कुठलं ते लिहीत नाही, सातबारा काढायला मला अधूनमधून सगळीकडेच जावं लागतं.

या अकरा महिन्यांत तो काय शिकला, हे मी खोदून खोदून विचारलं. झेरॉक्स मशीनचा टोनर संपत आला की बाहेर काढून दोन्ही हातांनी आडवा हलवायचा, मग आणखी तीसेक प्रती निघतात. ‘साहेब जागेवर नाहीत’ हे वाक्य तीन सुरांत म्हणायचं: सामान्य माणसाला कोरडं, ओळखीच्याला हळहळून, आणि सदस्याला खुर्ची पुढे सरकवत. तिसरा सूर लागायला त्याला चार महिने गेले. अखेर अनुभवाचा दाखला मिळाला आणि पगाराची सवय लागली. व्यसनमुक्ती केंद्रात जे करतात, त्याच्या बरोबर उलट. मग राज्यभरची प्रशिक्षणार्थी मुलं ‘आम्हाला कायम करा’ म्हणून आंदोलनाला बसली. त्यांना सांगण्यात आलं की हे प्रशिक्षण होतं, नोकरी नव्हती. काम मात्र नोकरीचंच होतं.

प्रशिक्षणापासून सुटका म्हाताऱ्यांचीही नाही. 17 सप्टेंबर 2023ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यातल्या 18 व्यवसायांत होडी बांधणारे आहेत, मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. पंधरा हजारांची अवजारं मिळतात, पण आधी पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला पाचशे रुपये. पन्नास वर्षं जाळं विणणाऱ्या आमच्या एका म्हाताऱ्याला मी म्हटलं, ‘जा की, शिकून ये.’ तो म्हणाला, ‘जातलंय. पाचशेत गप बसूक माका जमता.’

आता मुद्द्याचं. आमची सव्वीस कलमं आहेत. देवगड हापूसची कलमं म्हणजे कागदावर बागायतदार आणि मनात धाकधूक. एप्रिलात फळ चौदा आणे तयार झालं की सकाळच्या गारव्यात काढायला हवं, देठासकट. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि वाशीला त्या डागाचे पैसे कापतात. त्यासाठी झेला लागतो. लांब काठी, टोकाला कडं, कड्याला पातं, खाली जाळी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याचा ‘नूतन झेला’ केला.

पुतण्याच्या पाच लॅमिनेशनांपैकी एक आंबा काढणीचंच आहे. तीन दिवसांचं प्रशिक्षण, जेवणासह. ते जुलैत झालं, कारण निधी जुलैत आला. जुलैत झाडावर आंबा नसतो, म्हणून पडद्यावर दाखवला. एप्रिलात मी त्याच्या हातात झेला दिला, तर त्याने तो कॅरम खेळायला बसल्यासारखा बोटांत धरला. पहिली तीन फळं देठाशिवाय आली, चौथं माझ्या डोक्यावर.

झाडावर होता आमचा राखणदार. तो नेपाळचा. पावसाळा सरला की येतो, बागेतल्या खोपीत बायकोपोरांसह राहतो, वानर हाकतो, फवारणीचा पंप ओढतो, आणि झेला असा फिरवतो की आंब्यालाही कळू नये. त्याच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही. देवगड तालुक्यातल्या बागा अशा माणसांच्या खांद्यांवर उभ्या आहेत, आणि आम्ही बागायतदार बैठकीत चहा पीत म्हणतो, ‘हल्ली स्थानिक पोरं कामच करत नाहीत.’ मीही म्हणतो. घरीही म्हणालो. वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘भावजी, तेका गुरख्याएवढो पगार देशात काय? आणि पावसातले चार म्हयने?’

मी विषय बदलून आमोशी-पौर्णिमेवर नेला.

खरं तर वहिनीलाही त्याने बागेत काम करणं नको आहे. बागेत राबणाऱ्या मुलाला मुलगी कोण देणार? ‘प्रशिक्षित’ म्हटल्यावर निदान पत्रिका तरी बघायला मागतात.

परवा राखणदार ओटीवर आला. हातात आधार कार्डांची प्लास्टिकची पिशवी. त्याचा मोठा इथल्याच शाळेत शिकून बारावी झालाय, माझ्यापेक्षा शुद्ध मालवणी बोलतो. ‘दादा,’ तो पुतण्याला म्हणाला, ‘आमच्या झिलाचो पण फॉर्म भरा. ऑफिसातलो.’

पुतण्याने मोबाइल काढला, चष्मा वर सरकवला आणि अगदी कार्यालयातल्या सुरात, दुसऱ्या नंबरच्या, हळहळून विचारलं, ‘अधिवास दाखला आहे?’

मी मध्ये पडलो. म्हटलं, पोरगा फॉर्म भरत बसला तर पुढच्या वर्षी तुझ्याबरोबर आंबे कोण काढणार?

राखणदार हसला. ‘तेका झाडार चढूक येणा नाय, शेठ. शिकलो मा तो.’