तलाठी

फलटणला ऊसवाल्यांच्या पंपांसाठी ऑटो स्टार्टरची कार्डं बनवणाऱ्या आमच्या वर्कशॉपात एका काकांना सगळे तलाठी म्हणतात. महसूल खात्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. बोर्डाचं डिझाइन करताना लागणाऱ्या पार्ट्सची लायब्ररी त्यांच्या ताब्यात आहे, आणि त्यांनी मोजणी केल्याशिवाय साधा रेझिस्टरही दप्तरी चढत नाही. प्रत्येक पार्टची नोंद दोन जागी: सर्किटात काढायचं चिन्ह आणि बोर्डावरची त्याची जागा, म्हणजे फुटप्रिंट. चिन्हाचा एक नंबरचा पाय फुटप्रिंटच्या एक नंबरच्या भोकातच उतरला पाहिजे. हद्दीचे वाद इथेच सुरू होतात.

आम्ही डिझाइनला वापरतो ते किकॅड सॉफ्टवेअर ज्यां-पिएर शारास या फ्रेंच गृहस्थांनी १९९२ साली सुरू केलं. पुढे जगभरच्या लोकांनी हातभार लावून त्याची लायब्ररी वाढवली, आणि सगळं फुकट दिलं. ‘‘फुकट दिलंय, म्हणून तर मोजायचं,’’ असं तलाठ्यांचं म्हणणं. नवा कनेक्टर आला की आधी डेटाशीट, मग खिशातलं व्हर्नियर, मग फुटप्रिंट मूळ मापात कागदावर छापून त्यावर खरा पार्ट ठेवून बघणं. एकदा प्रिंटरनं पानात बसावं म्हणून चित्र परस्पर आवळलं. तलाठ्यांनी ‘पाय फाकलेले आहेत’ असा शेरा मारून कनेक्टरच दुकानदाराला परत धाडले.

पायांच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. ‘‘७८०५ आणि ३१७, अंगानं दोघं सारखे. पण ७८०५ चा पहिला पाय इनपुट, मधला ग्राउंड, शेवटचा आउटपुट. ३१७ चा पहिला अ‍ॅडजस्ट, मधला आउटपुट, शेवटचा इनपुट. रूप बघून बसवलास की धूर!’’ पीएन२२२२ आणि पी२एन२२२२ या ट्रान्झिस्टरांच्या नावात एका आकड्याचा फरक, पण एकाचा एमिटर जिथं, तिथं दुसऱ्याचा कलेक्टर. खरा राग मात्र ०६०३ या आकाराच्या नावावर. इंचाच्या हिशोबात ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८ मिलिमीटर, मेट्रिकमध्ये त्याच नावाचा दुसरा, ०.६ बाय ०.३. ‘‘एका नावाचे दोन इसम. वडिलांचं नाव लावल्याशिवाय नोंद होणार नाही.’’ आमच्याकडे तेव्हापासून ‘०६०३ इंची’ असंच लिहितात.

एका नव्या पोरानं नेटवरून कनेक्टरचं फुटप्रिंट उतरवून घेतलं. ‘‘काका, दोन मिनिटांत झालं!’’ बोर्ड छापून आले आणि कळलं, पाय आरशात बघावेत तसे उलटे. सगळे कनेक्टर बोर्डाच्या पाठीमागून बसवावे लागले. तलाठी रागावले नाहीत. डेटाशीट उघडून त्यांनी चित्राखालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. ‘‘बाळा, हे चित्र खालून बघून काढलंय, असं इथं लिवलंय. वाचायला दोनच मिनिटं लागत्यात.’’

माउलींची पालखी फलटणला मुक्कामी असते तेव्हा वर्कशॉपला सुट्टी. तलाठी सकाळी वारकऱ्यांना चहा वाटतात आणि दुपारी लायब्ररीची झाडाझडती घेतात. गेल्या खेपेला एकाच रेझिस्टरचे पाच खातेदार निघाले: ‘१०के’, ‘१० के’, ‘१०के न्यू’, ‘१०के न्यू फायनल’ आणि ‘१०के हाच वापरा’. पुसावं म्हटलं तर जुनी कार्डं त्याच नावांवर उभी. शेवटी त्यांनी चौघांपुढे ‘वापरू नये’ लिहिलं आणि पाचवा कुणी निर्माण केला याचा जबाब ज्याच्या त्याच्याकडे लेखी मागितला. अजून कुणी दिलेला नाही.

अशी कडक माणसं आहेत म्हणून आमची कार्डं शेतात टिकतात, हे आम्ही त्यांच्या पाठीमागे कबूल करतो. फक्त एक गोष्ट कुणी विचारत नाही. तलाठ्यांच्या स्वतःच्या शेतात ऑटो स्टार्टर नाही. रात्रीची लाइट आली की त्यांचा धाकटा भाऊ बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो. घरच्यासाठी खास कार्ड करायचं तलाठ्यांनी कधीच ठरवलंय, सर्किटही तयार आहे. पण त्यातल्या रिलेच्या एका पायाचं माप डेटाशीटशी एक दशांश मिलिमीटरनं जुळत नाही, त्यामुळे प्रकरण प्रलंबित आहे.