काहीच न घडल्याची गोष्ट

नोकरीच्या मुलाखतीत पूर्वी प्रश्न विचारत. आता गोष्ट सांगायला लावतात. वरिष्ठांशी पटलं नाही असा एखादा प्रसंग सांगा. हातात पुरेशी माहिती नसताना निर्णय घ्यावा लागला असा एखादा प्रसंग सांगा. याला बिहेवियरल इंटरव्ह्यू म्हणतात, आणि अमेरिकेतल्या औद्योगिक मानसशास्त्रज्ञांनी तो १९७० च्या दशकापासून रुजवत आणला. त्यामागचा विचार तसा बिनतोड. 'पुढे कसे वागाल?' असं विचारलं की प्रत्येक उमेदवार हरिश्चंद्र. 'मागे कसे वागलात?' असं विचारलं की गडी चाचरतो आणि खरं काय ते बाहेर येतं. आता या गोष्टीला पन्नास वर्षं होत आली. गडी पाठांतर करून येतो.

माझंही पाठांतर चालू होतं. एका क्लाउड सिक्युरिटी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात प्रॉडक्ट मॅनेजरची जागा निघाली होती. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. लग्नघरात आचारी, भटजी, मांडववाला आणि बँडवाला या सगळ्यांच्या मागे धावणारा एक काका असतो. त्याचं कोणीच ऐकत नाही, पत्रिकेत त्याचं नाव नसतं, पण जिलबी कमी पडली की सगळे त्यालाच शोधतात. तो काका म्हणजे मी. इंजिनियर माझ्या हाताखाली नाहीत, सेल्सवाले तर कोणाच्याच हाताखाली नसतात, आणि प्रॉडक्ट बुडालं तर माझं.

अशा माणसाला मुलाखतीत हमखास विचारतात, की हातात अधिकार नसताना लोकांना तुम्ही कसं वळवलंत? खरं उत्तर 'मिनतवाऱ्या करून' असं आहे. ते चालत नाही.

चालतं ते स्टार पद्धतीत बसवलेलं उत्तर. आधी परिस्थिती, मग तुमच्यावरचं काम, मग तुम्ही केलेली कृती, शेवटी निष्पत्ती. यासाठी एक्सेलमध्ये गोष्टींची पेढी उघडायची असते. उभे रकाने प्रश्नांचे, म्हणजे मतभेद, अपयश, नेतृत्व, ग्राहकप्रेम वगैरे. आडव्या ओळी आपल्या प्रसंगांच्या. प्रसंग थोडे आणि रकाने फार, त्यामुळे एकेका प्रसंगाला तीन-तीन पाळ्या कराव्या लागतात. माझ्या तक्त्यात सेल्सचा एकच माणूस 'मतभेद' या रकान्यात खलनायक होता, 'सहकार्य' मध्ये जिवाभावाचा सखा, आणि 'मार्गदर्शन' मध्ये माझ्या तालमीत तयार झालेला होतकरू तरुण. मुलाखती घेणारे चौघेजण नंतर एकत्र बसून टिपणं जुळवतात, हे आठवलं तेव्हा मी त्याला तीन निरनिराळी नावं दिली.

निष्पत्ती आकड्यात हवी, असं सगळे जाणकार सांगतात. त्याचं मला भय नाही. पाच ग्राहकांचे सात झाले की ती चाळीस टक्के वाढ असते, आणि मूळचे पाच कोणी विचारत नाही. अपयशाचा प्रश्न मात्र अवघड, कारण अपयशाला माप असतं. फार लहान सांगितलं तर आव आणल्यासारखं वाटतं. 'मी फार बारकाईने काम करते, हाच माझा दोष' असं सांगणाऱ्यांना आता मुलाखतीत पाणीसुद्धा विचारत नसावेत. फार मोठं सांगितलं तर समोरचा मनातल्या मनात वकील गाठतो. शिवाय सिक्युरिटीच्या धंद्यात आणखी एक गोची. कोणत्या ग्राहकाकडे काय उघडं पडलं होतं, हे बाहेर सांगायचं नसतं. ते सांगितलं तर गुपितं सांभाळायच्या नोकरीला बसण्याआधीच आपण एक गुपित फोडलेलं असतं. म्हणून आमच्या सगळ्या गोष्टी आटपाट नगरात घडतात. तिथे एक बँक असते. तिचं नाव नाही, गाव नाही, देशसुद्धा नाही.

पण खरी अडचण निष्पत्तीचीच, आणि ती आकड्यांच्याही पलीकडची आहे. खाद्यपदार्थ घरपोच देणारं अॅप करणारा म्हणू शकतो की ऑर्डरी वाढल्या. आमचं काम उत्तम झालं तर काय होतं? काहीच होत नाही. क्लाउडमध्ये यंत्रं, इमारत, वीज हे सगळं क्लाउड कंपनी राखते. आत काय ठेवलंय आणि ते कोणाला दिसू द्यायचं, ही जबाबदारी ग्राहकाची. तिथे कोणीतरी घाईत एखादी परवानगी सैल ठेवतो, आणि ती सैल आहे हे चोराच्या आधी ग्राहकाला सांगणं हे आमचं काम. सांगितलं, त्याने ती आवळली, चोर आला नाही. किंवा आला आणि गेला. किंवा तो कधी येणारच नव्हता. यातलं काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि तक्त्यातला शेवटचा रकाना तर भरायचा आहे.

ज्यांच्याकडे काहीतरी घडलं, त्यांची निष्पत्ती जगाला पाठ आहे. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकन बँकेच्या क्लाउडमधल्या एका फायरवॉलची मांडणी चुकली होती, शिवाय तिला गरजेपेक्षा जास्त परवानग्या दिलेल्या होत्या. अमेरिकेतल्या सुमारे दहा कोटी आणि कॅनडातल्या साठ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीने पाठवलेल्या एका अपडेटमध्ये एकवीस रकान्यांची अपेक्षा होती आणि हाती वीसच आले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे पंच्याऐंशी लाख विंडोज संगणक निळे पडले, आणि आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. ते अपडेट आधी थोड्या यंत्रांवर न पाठवता एकदम सगळीकडे गेलं होतं. त्या दिवसापासून आमच्या धंद्यातल्या प्रत्येक प्रॉडक्ट मॅनेजरला आठवू लागलंय, की आपणही एकदा एक रिलीज बाणेदारपणे थांबवलं होतं.

माझी गोष्ट हीच. फरक एवढाच, की माझी आधीची आहे. पण हे पटवायचं कसं? उघडं राहिलेलं स्टोरेज आमचं प्रॉडक्ट आपणहून बंद करील, अशी सोय आम्ही केली होती. काही स्टोरेज मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं, उदाहरणार्थ वेबसाइटवरची चित्रं. ते बंद केलं तर ग्राहकाचं दुकानच बंद. तिमाही संपण्याआधी ही सोय सगळ्यांना द्या, असा सेल्सचा धोशा होता. मी म्हटलं, आधी मोजक्या ग्राहकांकडे, आणि तिथेही काही बंद करू नका; काय बंद केलं असतं, तेवढंच दाखवा. तिमाही गेली. मग हळूहळू सगळ्यांना दिली. कुठे काही बिघडलं नाही. मी म्हटलं, बघा, थांबलो म्हणून काही झालं नाही. तो सेल्सवाला (तिन्ही नावांचा) म्हणाला, बघ, काही झालं नाही, उगाच थांबवलंस. एकाच पुराव्यावर आम्ही दोघंही खटला जिंकलो.

सराव घ्यायला नवऱ्याला बसवलं, तर तो दुसऱ्या मिनिटाला 'मुद्द्यावर ये' म्हणाला. मग बाबांना बसवलं. बाबा एका राष्ट्रीयीकृत बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. त्यांनी माझा तक्ता पेन्शनच्या कागदासारखा दोनदा वाचला आणि मतभेदाच्या प्रश्नावर थांबले.

"अगं, हे आम्हाला कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले. "नाहीतर माझ्याकडे आहे एक."

तिजोरीला दोन चाव्या, एक मॅनेजरकडे आणि एक बाबांकडे. दोघं असल्याशिवाय ती उघडत नाही. मॅनेजरसाहेबांना मेव्हणीच्या लग्नाला सांगलीला जायचं होतं आणि सोमवारी परत येणं जमणार नव्हतं. दुसरा अधिकारी रजेवर. साहेब म्हणाले, माझी चावी तुमच्याकडेच ठेवा, तुमच्यावर विश्वास आहे. बाबा म्हणाले, साहेब, माझा नाही.

"तुमच्यावर?"

"माझ्यावर. दोन्ही चाव्या एकाच खिशात आल्या, की कुलूप एकच झालं ना?"

कमीत कमी परवानगी, कामाची विभागणी, ही तत्त्वं समजावायला माझ्या आधीच्या कंपनीने दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं, जेवणासकट. मी वही सरसावून विचारलं, "आणि निष्पत्ती?"

"निष्पत्ती कसली? साहेब सोमवारी पहाटेच्या एसटीने धडपडत परत आले. मेव्हणीची पाठवणी चुकली. वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलले."

"आणि तिजोरी?"

"तिजोरीला काय होणार? होती तिथेच होती."

मुलाखत व्हिडिओवर झाली. समोरच्या बाई बेंगळुरूच्या होत्या, गोड बोलून खोल शिरणाऱ्या. मी माझ्या रिलीजची गोष्ट चारही पायऱ्या सांभाळून सांगितली. 'आम्ही' न म्हणता 'मी' म्हणा, असं सगळे बजावतात. तेही केलं, जरी प्रत्येक 'मी' ला, 'मी मी करू नये' म्हणणाऱ्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. शेवटी निष्पत्तीपाशी आले आणि म्हणाले, "काही झालं नाही."

"थांबला नसतात तर झालं असतं, हे कशावरून?"

"सांगता येत नाही. थांबायला तीन महिने लागले, एवढं मात्र नक्की सांगता येतं."

त्यांनी बराच वेळ काहीतरी टाइप केलं. त्यांच्या कीबोर्डचा आवाज मोठा आहे, इतकंच मला त्यावरून कळलं. मग त्यांनी शेवटचा, सगळीकडे विचारला जाणारा प्रश्न विचारला: तुम्हाला आमच्याबद्दल काही विचारायचंय का? यासाठीही मी दोन भारदस्त प्रश्न पाठ केले होते, कंपनीची पुढली दिशा वगैरे. ते बाजूला ठेवून मी विचारलं, "गेल्या वर्षी तुमच्यामुळे काय काय झालं नाही?"

त्या हसल्या. मग जरा गंभीर झाल्या, पडद्याबाहेर कुठेतरी पाहिलं आणि म्हणाल्या, "ते गोपनीय आहे."